तुमचा प्रश्न काय?

११ फेब्रुवारी
गावातल्या लहान मुलांच्या एकमेव डॉक्टर, फ्राऊ त्सीग्लर, जूनमध्ये दवाखाना बंद करणार. त्यांच्या जागी कुणी मिळत नाही. उद्या राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, आरोग्य समितीची सभा आहे, कुणीही जाऊन बसू शकतं.
मी नाशिकला नऊ वर्षं मुलं तपासली. इथे जर्मनीत चार वर्षं नवऱ्याचे डबे भरतेय. डॉक्टरांची जर्मन परीक्षा – दोनदा नापास! परीक्षेचे कागद कपाटात, मोज्यांखाली. नवरा, सत्यजित, म्हणाला, जा तरी, ऐकायला काय जातंय?

१२ फेब्रुवारी
गेले. सभा सहाच्या ठोक्याला सुरू. दोन मिनिटं उशिरा आलेल्या बाईकडे सगळ्यांनी वळून पाहिलं. डॉक्टरचा विषय सातवा. त्याआधी बसस्टँडच्या संडासावर वीस मिनिटं!
शेवटी लोकांचा प्रश्नोत्तराचा तास. उठले, नाव-पत्ता सांगितला आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. आपल्याकडे ग्रामसभेत प्रश्नाआधी अर्धा तास बोललं तरी चालतं. इथे दुसऱ्याच वाक्याला अध्यक्षांनी हळूच थांबवलं.
"इथे फक्त प्रश्न विचारता येतो. तुमचा प्रश्न काय?"
माझ्याकडे प्रश्नच नव्हता. बसले.

२ मार्च
सभेचं इतिवृत्त आलं. 'एका महिलेने निवेदन केले. प्रश्न नाही.'
फार लागलं. रागाने सगळी पातेली घासून काढली. लखलखीत निघाली.

१२ मार्च
पुन्हा सभा. या वेळी चिठ्ठीवर एकच वाक्य. उठून वाचलं.
"मुलांच्या डॉक्टरला, जी जर्मन परीक्षेत दोनदा नापास झालीय, या गावात कुणी शिकवील का?"
मग एकेक जण बोटांनी टेबल ठोकायला लागला. मला वाटलं, हाकलतायत! पिशवी उचलली. शेजारच्या आजोबांनी बाही धरून बसवलं – इथे टाळ्या अशाच वाजवतात म्हणे. अध्यक्ष म्हणाले, लेखी उत्तर चार आठवड्यांत मिळेल.
घरी सत्यजित पोट धरून हसला. ऑफिसात रोज ठोकतात म्हणे. मला कधी सांगितलं नाही!

१३ मार्च
लेखी उत्तर अर्थातच नाही. पण सकाळी बेल वाजली. दारात फ्राऊ त्सीग्लर! काल त्या मागच्याच रांगेत होत्या.
"जूनमध्ये बंद करत नाही, एक वर्ष थांबते. सोमवारपासून दवाखान्यात माझ्याजवळ बसा, शिकवते. पण मी एकाहत्तरची आहे. तिसऱ्यांदा नापास व्हायला माझ्याकडे वेळ नाही."
कागद बाहेर काढले. मोज्यांना दुसरा कप्पा दिला.