पहिला गिअर खाली

धुळे, आग्रा रोड
१८ मार्च १९६९

राजमान्य राजेश्री इसाकभाई यांस छगन मिस्त्रीचा सलाम आणि रामराम, दोन्ही घ्यावेत. नूरबीचाचींचे गुडघे कसे आहेत? तुझ्या वरणगावच्या कारखान्यात भोंगा झाला की जेवायला सोडतात म्हणे. (आपण गॅरेजात चार वाजले तरी डबा उघडत नव्हतो.) मी मजेत आहे.

तर मागच्या गुरुवारी सोनगीरजवळ बंद पडलेली इटलीची गाडी बैलजोडीनं ओढत आपल्याकडे आणली. इंदूरच्या ज्ञानचंदशेठांची. लाल, कमरेएवढी उंच, आणि ताकद तीन ट्रकांची! क्लचची तार तुटली होती. ती नवी घातली, रिवाजाप्रमाणे पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. शेठ म्हणाले, मिस्त्री, तुम्हीच घ्या पुढे. मी आपल्या जुन्या ट्रकासारखा डावीकडे वर पहिला टाकला, क्लच सोडला, आणि गाडी जी मागे सुटली ती थेट सुकदेव चहावाल्याच्या बाकड्यात. लिंबं जशीच्या तशी. सुकदेव बशी सावरत म्हणतो, "छगनभाऊ, हाई गाडी लिंबूले घाबरस का?"

या गाडीत पहिला डावीकडे खाली, आणि त्याच्या डोक्यावर रिव्हर्स. का, तर पहिला लागतो फक्त जागेवरून उठायला. पुढे वळणावळणाला दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा चालतं, म्हणून ते दोघे एका रेषेत. हात आडवा न्यायलाच नको. दर गिअरला दोनदा दाबायचा तो डबल क्लचही नको; आत पितळी कड्या आहेत, त्या आधी दोन्ही चक्रांचा वेग जुळवतात, मग दात बसतात. (आपण ते पायानं आणि शिव्यांनी करतो.) इसाक, साठ मैलांच्या वेगात मी दुसऱ्यातून तिसरा टाकला. खट्ट नाही की खर्र नाही. सवयीनं शेजारी वळून म्हणालो, ऐकलंस? शेजारी शेठ होते.

तेव्हापासून करमत नाही. तू पक्क्या नोकरीवर निघालास तेव्हा मी म्हणालो होतो, जा, तुझ्यावाचून कुणाचं अडलंय. माझं अडलंय, बाबा.

चाचींना सलाम.

तुझा छगन

ता. क. शेठ येत्या रविवारी मुंबईला जाताना तो गिअरबॉक्स इथं उघडायला देणार आहेत. असा पुन्हा दिसायचा नाही. तुला सुट्टीच असेल, सकाळीच निघ.

आणखी एक. साठ मैलांचं खोटं आहे. बाकडं मोडल्यावर शेठांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मी शेजारी बसून त्यांचा हात बघत होतो. 'ऐकलंस?' हे मात्र खरंच म्हणालो.

आणि रविवारी गाडीबिडी काही येणार नाही. तू तेवढा ये.