लॉक कोणी काढलं

मालवण, २१ नोव्हेंबर १९८८

प्रिय हरिश्चंद्र,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं, त्याने हुरळून जाऊ नकोस. मी मजेत आहे. इथल्या शाळेत गणित शिकवते. कामात हलगर्जी म्हणून मुंबईच्या कंपनीने काढलेली आणि म्हणून तुमच्या देवगडच्या घराने नाकारलेली मुलगी आणखी काय करणार! लग्न मोडलं त्या दिवशी बाबांनी एवढंच विचारलं होतं, "खंय चुकलंस गो?" तेव्हापासून ते माझ्याशी जपून बोलतात, आणि तेच मला जास्त लागतं.

दसऱ्यानंतर बाबांचे मित्र भिकाजीकाका आले. रेडी बंदरावरच्या खनिज कंपनीची कचेरी ते सांभाळतात. आपल्या मुंबईच्या कंपनीने तिथे दोन कॉम्प्युटर केबलने जोडून दिलेत, आणि मालाच्या बार्ज होड्या भरायच्या घाईत नेमके दोन्ही बंद पडतात. "परत झोपला गो तां मशीन, तूच बघ," म्हणाले. सोबत ड्रायव्हर प्रोग्रॅमचा छापील गठ्ठा. केबलवरून निरोप नेणारं नेटवर्क कार्ड चालवणारा आपला ड्रायव्हर, हरिश्चंद्र! तू आणि मी सात महिने खपून लिहिलेला.

तुला आठवत असेलच. कार्डाने बिघाड कळवला की अर्धवट निरोपाची जागा रिकामी करायची, हा तुझा भाग. बराच वेळ उत्तर आलं नाही तर तीच जागा रिकामी करायची, हा माझा. दोन्ही एकाच क्षणी जागे झाले तर काय, हे मी तुला आमच्या पंगतीवरून समजावलं होतं. आमच्याकडे एका ओळीची उष्टी पानं एकच जण काढतो. दोघे लागले की पहिला पान उचलतो, तिथे नवा माणूस बसतो, त्याला वाढलं जातं, आणि दुसरा येऊन त्याचं भरलेलं पान घेऊन जातो. म्हणून मी लॉक घातलं होतं. एक आत असेल तर दुसऱ्याने थांबायचं, आणि आत गेल्यावर साफ करायचं काही उरलंय का ते आधी पाहायचं. तू हसून मान डोलावली होतीस. मला तू तेव्हा फार आवडायचास, हेही सांगून टाकते.

गठ्ठ्यात ते लॉक नाही. वरच्या नोंदीत आहे: '४ मार्च, ह. वेग वाढवण्यासाठी लॉक काढलं.' मी तेव्हा शिमग्याला गावी होते. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकासमोर मशीन बंद पडलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये तू म्हणालास, साफसफाईचा भाग सुनीतीचा. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. आठ महिने मी स्वतःचीच चूक शोधत बसले होते रे.

रेडीला जाऊन लॉक मी परत घातलं. बारा दिवस झाले, मशीन एकदाही बंद पडलेलं नाही. नोंदीच्या त्या पानाची प्रत मी रजिस्टर्ड पोस्टाने साहेबांना पाठवली, पोच आली आहे. सोबत भिकाजीकाकांचं पत्र होतं: पुढचं कंत्राट हवं असेल तर लॉक काढणाऱ्याने सुनीतीच्या घरी जाऊन ते कबूल करावं. साहेब कबूल झालेत. तुझं रविवारचं तिकीट त्यांनीच काढलंय, तुला ते ऑफिसात कळेलच. मला मात्र ते आज माझ्या हाताने लिहायचं होतं. बाबा ओसरीवर बसलेले असतील. त्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा मोठ्याने बोल, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तरी चालेल. चहा विचारणार नाही.

एकेकाळी तुझी होणार होती ती,
सुनीती