पुसलेलं कुठं जातं

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेत तुमच्या खुर्चीवर बसलेली तिसरी बाईसुद्धा आता निवृत्त झाली. तरी पत्र सांगायचं म्हटलं की मला तुम्हीच आठवता. सवय. आज मी सांगते आहे आणि माझी नात वहीत लिहिते आहे, पेनाने. तीच, जिला दहा महिन्यांची असताना मी उमरखेडकडून एसटीने मांडीवर घेऊन आले होते आणि तुम्ही आर्णीच्या स्टँडवर दुधाची बाटली घेऊन उभ्या होतात. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते; माझं बोलणं इस्त्री करून कागदावर ठेवते. त्याबद्दल तिला चिडवायचीही सोय नाही, कारण तेवीस दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. गोळी घेतली का, दार लावून घे, एवढंच. आज सकाळी मी भिंतीकडे बघून म्हटलं, मला बाईंना पत्र लिहायचं आहे. भिंतीने काही मनावर घेतलं नाही. थोड्या वेळाने ही वही घेऊन समोर येऊन बसली. मान खाली आहे. मला नुसता तिचा भांग दिसतो.

तुमची रीत मला अजून दिसते. रविवारची दुपार, तुमची ती एक खोली, वातीच्या स्टोव्हवर चहा उकळतो आहे आणि तुम्ही पाटी मांडीवर घेता. कागद वाया जाऊ नये म्हणून आधी पाटीवर, मग निळ्या आंतर्देशीय पत्रावर. पत्र चिकटवलं की ओल्या फडक्याने पाटी पुसायची आणि पुसलेली पाटी माझ्यासमोर धरायची, जशी काही मी शाळा तपासायला आलेली साहेबीण. "बघ, गेलं. आता हे तुझ्यापाशी आणि माझ्यापाशी. आणि माझं मी विसरते." अर्ध्या गावातल्या बायकांची पत्रं तुम्ही लिहिलीत. कोणाचा नवरा कुठे रमला, कोणाची सासू काय बोलली, सगळं तुमच्या पोटात. विहारापुढच्या ओट्यावर बसून आम्ही तुमच्याकडून काही काढायला बघितलं, तर तुम्ही आम्हालाच पाढे म्हणायला लावायच्या. मला तर दहादा म्हणालात, अगं, तुझी पोर पाचवीत गेली, तू निदान आपलं नाव लिहायला शिक. मी म्हणायचे, बाई, मी शिकले तर तुमच्या गोड चहाला सोबत कोण येईल? तुम्ही हसायच्या नाहीत. माझ्या मस्करीमागे काय असतं ते तुम्हाला कळायचं, म्हणून असेल.

आता इकडचं सांगते. नातीचं आर्णीत ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा, ज्याला जे हवं ते. लोक आधार कार्ड, सातबारा, मृत्यूचा दाखला, सगळं तिच्या हवाली करतात आणि काम झालं की ही ते त्यांच्यासमोर पुसते. मी तिला तुमच्या पाटीची गोष्ट सांगत सांगतच मोठी केली. मागच्या वर्षी तिने नवा लॅपटॉप घेतला. त्याच्यापुढे बोललं की तो आपोआप लिहितो. मला वाटलं, झालं, म्हातारपणी मला पगाराशिवाय कारकून मिळाला. एक दिवस ही म्हणाली, "आजी, तुले बाईले काही सांगायचं असंल तं सांग. मी बाहेर बसते. झालं की न वाचता पुसून टाकते." आणि पोर शब्दाची पक्की. ती खरंच बाहेर बसायची, शेंगा सोलत. मी आत लॅपटॉपच्या पडद्यापुढे बसून तुम्हाला सगळं सांगायचे, कोणाची सून कशी, कोणाचा मुलगा कुठे लागला. मग मी हाक मारायचे, ती यायची, पुसायची. असं करता करता माझी भीड चेपली आणि एका दुपारी मी तुम्हाला ते सांगितलं. जे फक्त तुम्हाला ठाऊक होतं, ते.

तेच आता पुन्हा सांगते. लपवायला काही उरलं नाही, आणि लिहिणाऱ्या पोरीने ते एकदा माझ्या तोंडून ऐकायला पाहिजे. माझ्या लेकीचं पत्र आलं होतं. तुम्हीच वाचलंत आणि वाचताना मधेच थांबून पाणी प्यालात. "माय, मले घेऊन जाय. इथं रोजच हात उचलतात. पोरीले दूध पुरत नाही." अक्षर तुम्ही शिकवलेलं, गोल गोल. मी उत्तर सांगितलं, कापसाची वेचणी चालू आहे, दिवाळीपर्यंत दम धर, दिवाळीला न्यायला येते. तुम्ही पाटीवर लिहिलंत. पुसलंत. म्हणालात, आता पुन्हा सांग. मी तेच सांगितलं. पुन्हा पुसलंत. तिसऱ्यांदा मी चिडले, म्हटलं, बाई, तुम्हाला ना मूल ना बाळ, परत आलेल्या पोरीचं तुम्हाला काय कळतं. तेव्हा तुम्ही मी सांगितलं तसंच्या तसं लिहिलंत. मग दुसरं निळं पत्र काढलंत, त्यावर नुसता तिचा पत्ता घातलात, आत एक अक्षर नाही, आणि चिकटवून माझ्या हातात दिलंत. "मन बदललं तर माझ्याकडे यायचीही गरज नाही. हे पेटीत टाक. माझ्या अक्षरातलं कोरं पत्र आलं की घर उघडं आहे, हे मी माझ्या सगळ्या मुलींना सांगून ठेवलं आहे."

ते मी तुरीच्या डब्यात ठेवलं. टपालपेटी माझ्या वाटेवरच होती. वावरात जाताना आणि येताना, रोज दोनदा मी तिच्यापुढून गेले. वेचणी हे निमित्त होतं, बाई. माझ्या दोन हातांवाचून कोणाचा कापूस झाडावर राहिला नसता. मला लोकांची लाज वाटत होती, दुसरं काही नाही. दिवाळीला आठ दिवस असताना तिचा ताप डोक्यात गेला आणि ती गेली. चार दिवस त्यांनी तिला दवाखान्यात नेलं नव्हतं. मी नातीला घेऊन परत आले, ते कोरं पत्र चुलीत घातलं आणि सगळ्यांना सांगितलं, पोरीने काही कळवलंच नाही, कळवलं असतं तर आम्ही पळत गेलो असतो. नातीलाही तेच. तिला झोपवताना, शाळेत घालताना, तिच्या आईचा फोटो पुसताना, तेच. तुम्ही एकदाही तोंड उघडलं नाही. शेवटच्या दुखण्यात मी तुमचे पाय चेपायला यायचे, तेव्हाही नाही.

आणि मशीनने उघडलं. झालं असं की दुकानात बाभुळगावकडची एक बाई आली, नवऱ्याने टाकलेली, कोर्टाचे कागद घेऊन. तिने विचारलं, ताई, हे तुमच्या मशीनमध्ये राहणार नाही ना, माझ्या सासरचे लोकही तुमच्याकडेच फॉर्म भरायला येतात. ही म्हणाली, नाही, मी पुसते. पण त्या बाईच्या चेहऱ्याने हिला चैन पडेना. घरी येऊन तिने लॅपटॉपची सगळी सेटिंग उघडून बघितली. या यंत्रात एक मुख्य कारभारी असतो म्हणे, ऑपरेटिंग सिस्टिम, बाकीचं सगळं त्याच्या हाताखाली. मधे कधी अपडेट आलं, तेव्हापासून हा कारभारी दर थोड्या वेळाने पडद्याचा फोटो काढून आत ठेवत होता. कशाला, तर माणसाला आपण मागे काय केलं ते सापडावं म्हणून. आपण लिहिलेलं पुसलं तरी त्याचा फोटो तसाच. त्याने आधी विचारलं होतं, इंग्रजीत, हातभर लांब, आणि खाली 'मान्य आहे' म्हणायचं बटण. दुकानात गर्दी होती, हिने दाबलं. मी न वाचता कुठेही अंगठा देते म्हणून तुम्ही माझ्यावर केवढ्या रागवायच्या. बघा आता, कॉलेज शिकलेली पोरही तसाच अंगठा देते. शिवाय आपण काय लिहितो, काय बोलतो, यातलं काहीबाही त्या कंपनीकडेही जातं, सुधारणेसाठी. किती जातं ते हिलाही नीट कळेना. माझं पाप ऐकून त्यांची कोणती सुधारणा होणार आहे, त्यांनाच ठाऊक.

लोकांचे कागद किती साठलेत ते बघायला ती एकेक फोटो मागे सरकवत गेली. अनोळखी माणसांची आधार कार्डं, दाखले, सह्या. आणि मधेच एका दुपारचं पान, ज्यावर तिच्या आईचं नाव. मी स्वयंपाकघरात भाकरी करत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"माह्या मायचं पत्र आलतं?"

काहीतरी मस्करी करून वेळ मारून न्यायची माझी जन्माची सवय. तेव्हा मस्करी केली नाही. म्हटलं, "आलतं."

"अन् ते कोरं?"

"चुलीत घातलं."

भाकरी करपत होती. तिने पुढे होऊन गॅस बंद केला, पिशवी भरली आणि गेली. उमरखेडकडे गेली, बाई, तिच्या आईच्या सासरच्या गावी, जिथे मी तिला जन्मात पाऊल टाकू दिलं नव्हतं. चार दिवसांनी आली. तिथे काय बघितलं, कोण भेटलं, सांगत नाही. आल्यावर तिने ते फोटो काढणं बंद केलं, साठलेले काढून टाकले, आणि ज्यांचे कागद त्यात सापडले होते त्या एकेकाला फोन लावून स्वतः सांगितलं, चूक झाली म्हणून. काही भांडले, काहींना कळलंच नाही. कोर्टाच्या कागदाची बाई फोनवर रडली, एवढं मी दारामागून ऐकलं. तुमच्या हाताखाली शिकली असती तर तुम्ही तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

मला त्या यंत्राचा राग आहे. ते बोलणं माझं होतं. ते कधी सांगायचं, कसं सांगायचं, तेव्हा कोणाचा हात धरायचा, हे माझं होतं. मी पोरीला जवळ बसवलं असतं. ती रडली असती, मला ढकललं असतं, तरी मी तिथे असते. त्याऐवजी तिने आपल्या आईची हाक एकटीने वाचली, कोणाचं रेशन कार्ड आणि कोणाचा पीकविमा यांच्या मधोमध. हे मी त्याला माफ करणार नाही. इथवर मी तावातावाने सांगत होते आणि हिचं पेन भरभर चाललं होतं. मग मला तुमचा तो चेहरा दिसला, पाटी पुसून पुन्हा सांग म्हणतानाचा. म्हणून पुन्हा सांगते. पोरीला जवळ बसवायला माझ्याकडे सत्तावीस वर्षं होती. मी सांगणार नव्हते, बाई. मरतानाही नाही. तुम्ही विसरलात तसं जग विसरेल आणि ती मला चांगली म्हातारी समजून माझा फोटो भिंतीवर लावेल, एवढाच माझा बेत होता.

पेन थांबलं नाही. मला वाटलं होतं, थांबेल. मघाशी एकदाच थांबलं होतं, पोरीले दूध पुरत नाही, त्या ठिकाणी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. वहीतलं पान, ती ठेवेल नाहीतर जाळेल नाहीतर कोणाला दाखवेल, तिचं ती बघेल. मी विचारणार नाही. आणि लिहून झालं की जरा वाचून दाखव, असंही मी तिला म्हणणार नाही. तेवढी छाती नाही मला. तिचा आवाज अगदी तिच्या आईसारखा आहे.