बाळंतिणीची साखर

कल्याण, ८ फेब्रुवारी १९५४

ती. तुळसाबाई यांस,
गोपीनाथाचा सा. न. वि. वि.

बारशाच्या दिवशी सूनबाईंना कणकण होती म्हणून आमच्या डॉक्टरांनी लघवी नेऊन तपासली. निळं औषध घालून उकळताच विटकरी रंग आला. मधुमेह! आईवेगळी भाची तुम्ही वाढवलीत, तेव्हा लग्नाआधी हे सांगणं तुमचं काम होतं. तिचं दूध ताबडतोब बंद करावं. रविवारी आमचा तानाजी येईल, त्याच्याबरोबर बाळ पाठवावं. डब्याचं दूध आणून ठेवलं आहे. सगुणाचं पुढे पाहू.

लोभ राखणं आता तुमच्या हाती.
गोपीनाथ

ठाणे, ११ फेब्रुवारी

रा. रा. गोपीनाथराव यांस,
तुळसाचा नमस्कार, एकच.

तुमचं पत्र सगुणाने माझ्याआधी फोडलं. दोन दिवस पोरगी दूध मोरीत पिळून टाकत होती आणि पोर रडून रडून निळं पडत होतं. आणखी चार दिवसांत दूध आटलं असतं.

तुमच्या डॉक्टरांचं औषध साखर आहे एवढंच सांगतं. कुठली, ते नाही. ओल्या बाळंतिणीच्या लघवीत दुधातली साखर उतरते, तीही तोच रंग आणते. तीस वर्षं मुलींना रसायन शिकवलं, ते काही रांगोळ्या काढून नव्हे. पाववाल्याकडून खमीर आणलं आणि तीन नळ्यांत घातलं. एकीत ग्लुकोजचं पाणी, दुसरीत दुधाच्या साखरेचं (होमिओपॅथीच्या पुड्यांत तीच असते), तिसरीत सगुणाची लघवी. ग्लुकोज तासाभरात फसफसलं. बाकी दोन संध्याकाळपर्यंत मुकाट. दुधाची साखर फोडणं बाळाच्या आतड्याला जमतं, दह्यातल्या जंतूंना जमतं, पावाच्या खमिराला जमत नाही. मधुमेह असता तर तिसरी नळीही फसफसली असती.

सोबत खमिराची पुडी आहे. डॉक्टरांनाही करून पाहू द्या. बाळाला कालपासून पुन्हा पाजतो आहोत. ते मिळणार नाही.

लोभ परवडेल तेवढा ठेवावा.
तुळसा

कल्याण, १६ फेब्रुवारी

ती. तुळसाबाई यांस,
सा. न. वि. वि.

रविवारी तानाजी बाळाऐवजी बायकोच्या लघवीची बाटली घेऊन परतला! तुमची पुडी त्याने डॉक्टरांपुढे ठेवली आणि उठायलाच तयार होईना. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी नळ्या लावल्या. फसफसलं नाही. मधुमेह नाही म्हणतात. पण तानाजीच्या आई हौसाबाई विचारतात, हे प्रयोग तुम्ही स्वयंपाकघरात केलेत का? असो. झालं ते विसरावं आणि पुढच्या बुधवारी दोघांना पाठवून द्यावं.

लोभ होता तसाच समजावा.
गोपीनाथ

ठाणे, १८ फेब्रुवारी

रा. रा. गोपीनाथराव यांस,
नमस्कार.

होय, स्वयंपाकघरातच केले. उजेड तिथे चांगला येतो.

सगुणा पार्सल नाही, पाठवून द्यायला. मी तिच्या जागी असते तर पुन्हा त्या घराचं तोंड पाहिलं नसतं. ती येईन म्हणते. तिच्या अटी दोन. हळदीकुंकवाला हौसाबाईंनी ज्या बायकांना सून रोगट असल्याचं सांगितलं, त्यांच्याचसमोर, स्वतःच्या तोंडाने, ते खोटं होतं असं सांगायचं. मग तुम्ही दोघांनी न्यायला यायचं. चहा देईन. गोड बोलणं मात्र मागू नका.

आल्यावर घाई करायची नाही. बाळ पीत असेल, तर त्याचं पोट भरेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसायचं.

लोभाचं तेव्हा पाहू.
तुळसा