टिमकीचे कान

४ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. परीक्षेच्या अर्जांचे फोटो काढून काढून मान मोडली, पण स्टुडिओ चालतोय म्हणून तक्रार नाही.

आता कामाचं. टिमकीच्या बाहेर आलेल्या कानांचं ऑपरेशन करायचं माझ्या मनात आहे. सात पूर्ण झाली. सर्जनबाई म्हणतात, या वयात कान पुरेसे वाढलेले असतात, करता येईल. पण आधी त्या पोरीशी एकटीशी बोलणार. तिला स्वतःला हवं असेल तरच हात लावणार म्हणे. सात वर्षांच्या पोरीला काय कळतंय!

वर्गात तिला 'कपाचा कान' म्हणतात. मला काय काय म्हणायचे, ते तुला आठवत असेलच. तुझेही कान तसलेच, पण तू पोरांना बदडून मोकळी व्हायचीस आणि मी तोंड लपवत फिरायचो. माझ्या लेकीच्या वाट्याला ते नको. टिमकीच्या आईचं म्हणणं, घाई नको. तू तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होतीस, तूच हिला समजाव. आणि बाई काय विचारतील तेही कळव, म्हणजे टिमकीकडून पाठ करून घेतो.

आजवर लोभ केलास, तसाच पुढेही कर.

तुझा
धाकटा

१२ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पाठ करून घेतो म्हणे! पाढे आहेत का रे ते? एक अक्षर पढवू नकोस. पूर्ण भूल देतात, आठवडाभर डोक्याला घट्ट पट्टी, पुढे कित्येक दिवस झोपताना पट्टा. स्वतः मागणारं पोर हे सोसतं. आईबापांच्या हौसेपायी आणलेलं पोर पट्टी ओरबाडतं. एकाने तर टाकेच उसवले, कान कायमचा वाकडा राहिला. त्याचे हात धरून ठेवणाऱ्यांत मी होते. भावजय बोलते ते बरोबर आहे.

माझे कान अजून तसेच आहेत. चष्मा घसरत नाही, एवढा फायदा!

पण एक कळेना. टिमकीला मी अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण तू दर वाढदिवसाला तिचा फोटो पाठवतोस. काल सातही फोटो भिंग घेऊन पाहिले. कान छान डोक्याला चिकटलेले. मग ऑपरेशन कशाचं करतोयस? खरं काय ते लिही.

रागावलास तरी माया सोडू नकोस.

अक्का

२९ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे माझं खोटं कधी टिकलंय? पहिल्या वाढदिवसापासून तिचा प्रत्येक फोटो मी कॉम्प्युटरवर दुरुस्त करत आलोय. गिऱ्हाइकांचे डाग, पुटकुळ्या काढतो ना, तसेच तिचे कान आत ढकलायचे. दोन मिनिटांचं काम. शाळेतून आली की ती माझ्या शेजारी स्टुलावर बसून बघत असते. मला वाटायचं, पोरीला गंमत वाटते.

तू नको म्हणालीस, तरी मी पढवलंच. मुलं चिडवतात, मला रडू येतं, मला स्वतःला हवंय, अशी तीन वाक्यं. बाईंनी आम्हाला बाहेर बसवलं. अर्ध्या तासाने आत बोलावून म्हणाल्या, तिन्ही वाक्यं न चुकता म्हटली, पण चिडवणाऱ्या एकाही मुलाचं नाव तिला सांगता आलं नाही. मुलं तसं म्हणतात हे बाबाच सांगतात, एवढंच म्हणाली. आणि मग तिनेच बाईंना विचारलं, की ऑपरेशन झाल्यावर बाबा माझा फोटो आहे तसा ठेवतील ना?

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं गं. कुणीही चिडवत नव्हतं. उद्या चिडवतील या धास्तीने मीच ते नाव तिच्या डोक्यात घातलं. बाईंनी साफ नकार दिला. सहा महिन्यांनी परत या म्हणाल्या.

लायकी नाही, तरी लोभ असू दे.

तुझा
धाकटा

६ जुलै

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र वाचून तुझा इतका राग आला की दोन दिवस लिहिलं नाही. पण रडून काय होणार? तिचा एक फोटो काढ, त्याला बोट लावू नकोस, आणि स्टुडिओच्या दर्शनी काचेत लाव. पोरीला दिसू दे.

तिला माझा पापा दे. तुलाही जवळचाच मानते, हे विसरू नकोस.

अक्का

२० जुलै

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. समोरून, दोन्ही कान दिसतील असा फोटो काढला, मोठा करून काचेत लावला. गिऱ्हाइकं म्हणाली, गोड आलाय. खरंच गोड आलाय गं.

टिमकी शाळेतून आली, बराच वेळ काचेपुढे उभी राहिली. मग आत आली, फोटो उतरवला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, की बाबा, हा करायचा राहिलाय. मी म्हटलं, असाच छान आहे. तर म्हणाली, मग आधीचे का केलेस? मी गप्प बसलो, आणि तेच चुकलं.

त्या दिवसापासून कान झाकणारी टोपी घातल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही. स्टुलावर येऊन बसत नाही. आणि आता ऑपरेशन मागते. कुणी पढवलेलं नाही. पट्टी बांधून घेईन, दुखलं तरी रडणार नाही, असं हिला रोज सांगते.

सहा महिन्यांनी बाई तिला पुन्हा एकटीला आत नेतील. या वेळी ती मनापासून हो म्हणेल, आणि बाईंना ते खरं वाटेल, कारण ते खरंच असेल.

माझ्यासाठी काही मागत नाही. तिच्यावर मात्र लोभ ठेव.

तुझा
धाकटा