हळू मारायचं

९ जानेवारी

गुडघ्याला डोळे काढले आहेत! डोळे, भुवया, गुलाबी गाल. इस्पितळाने दिलेल्या व्यायामाच्या कागदावर एक गुडघा हसत उभा आहे आणि मला सांगतो आहे — "चला, मला दहा वेळा सरळ करा!" अस्थिसंधीची एवढी विटंबना बावीस वर्षांच्या जपानवासात पाहिली नव्हती. पाठशाळेत आम्ही याला जानु म्हणायचो. जानूला गाल असतात हे एकाही शास्त्रीबुवांनी शिकवलं नाही. इथून ज्या मराठी साप्ताहिकाला लिहितो, त्याच्या पुढच्या वार्तापत्रात जाहीर निषेध नोंदवीन म्हणतो.

बाकी कागद शहाणा आहे. माझ्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, कोमट पाण्यात चालणे — विहित. उड्या, पाय आपटणे, मुरडणे — निषिद्ध.

सासऱ्यांचा कागद माझ्याहून लांब. कुवाबारा गुरुजी, माझे तलवारीचेही गुरू, वय एकोणऐंशी. हाडं आतून पोकळ झाली आहेत. ऑक्टोबरात मुळ्याच्या लोणच्यावर दाबायला ठेवलेला दगड उचलला आणि पाठीचे दोन मणके जागच्या जागी चेपले.

आणि उद्यापासून थंडीची तालीम! दहा दिवस, पहाटे साडेपाचला, अनवाणी, हातात बांबूची तलवार. रोज हजेरीच्या कार्डावर एक शिक्का. गुरुजींचा एक्केचाळीस हिवाळ्यांत एकही शिक्का चुकलेला नाही. यंदा नको म्हटलं की त्यांना अचानक ऐकू येईनासं होतं.

चिझुरूने — त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या बायकोने — मला स्वयंपाकघरात गाठलं. "त्यांच्यासमोर तूच उभा राहा. दुसऱ्या कुणाला येऊ देऊ नकोस. आणि हळू मार. एवढंच कर माझ्यासाठी."

१० जानेवारी

लाकडी जमीन इतकी गार की तळवे चिकटतात. इथली रीत अशी — गुरूने समोर उभं राहायचं, आणि शिष्याने दम संपेपर्यंत त्याच्या डोक्यावर, मनगटावर, बरगडीवर वार करत राहायचे. डोक्यावर बसणारा प्रत्येक वार मणक्यांत उतरणार. म्हणून मी हळू मारले.

"देवाला फुलं वाहतोयस का, जावईबापू?" शिरस्त्राणाच्या जाळीमागून आवाज आला.

मी आणखी एक फूल वाहिलं. त्यांनी तलवार माझ्या कोपरावर उतरवली — जिथे चिलखत संपतं, नेमकी तिथे. बोटांच्या टोकांपर्यंत आग. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच!

आणि हा म्हणे पोकळ हाडांचा माणूस.

११ जानेवारी

कोपर वांग्याच्या रंगाचं. चिझुरूला सांगितलं, दारावर आपटलं.

१२ जानेवारी

दुपारी चिझुरूने आम्हां दोघांना पोहण्याच्या तलावावर नेलं. गुरुजींच्या डोक्याला रबरी टोपी. छातीपर्यंत पाण्यात दोघं उभे, म्हशींसारखे. इस्पितळातल्या, व्यायाम शिकवणाऱ्या मिनागावाबाई काठावरून ओरडत होत्या. "पाठ ताठ! पाऊल टेकवा, आपटू नका!"

त्यांचा नियम सोपा. व्यायामानंतर दोन तासांनीही जास्त दुखत राहिलं, तर समजायचं की जास्त झालं.

"मला चाळीस वर्षं दुखतंय," गुरुजी म्हणाले. "म्हणजे चाळीस वर्षं जास्त झालं?"

"हो," बाई म्हणाल्या.

गुरुजी हसले! तालमीत हे हसू कुणी पाहिलं असतं तर छत कोसळलं असतं.

१४ जानेवारी

आज भिंतीवर फेकलं मला. तलवारीला तलवार भिडली होती. ते खाली झुकले, खांदा माझ्या छातीत घातला आणि ढकललं. डोकं फळीवर आदळलं, गुडघा आतल्या आत मुरडला, तोंडात रक्ताची चव. उठतो तोच डोक्यावर वार. पुन्हा उठलो, पुन्हा वार.

तालमीतले अकराजण बघत होते. आणि गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले — "बावीस वर्षं शिकवलं याला. अजून भात कापतोय! विळा द्या रे कुणीतरी."

सगळे हसले. मीही हसलो. जाळीमागे कोण कसं हसतंय ते दिसत नाही, ही एक सोय.

घरी चिझुरू गुडघ्यावर बर्फ धरून बसली. "तू मारलं नाहीस ना त्यांना जोरात?"

मी! त्यांना!

१६ जानेवारी

न्हाणीघरातून गुरुजींची हाक आली. पाठीला मलम लावून हवं होतं. पाठ उघडी पाहिली आणि हात थबकला. मणके कातडीखाली दोरीच्या गाठींसारखे. उंची सहा सेंटिमीटरने कमी झाली आहे म्हणे.

"चिझुरूने सांगितलंय ना तुला, हळू मार म्हणून?" मागे न बघता.

मी मलम चोळत राहिलो.

"तू हळू मारतोस, तेव्हा मला वाटतं माझं तेरावं उरकून तुम्ही सगळे घरी गेलात." मग — "डावीकडे अजून लाव."

तेरावं इथे नसतं. ते म्हणाले एकोणपन्नासावा दिवस. अर्थ एकच.

१७ जानेवारी

आठवा शिक्का. कोपरावर, पुन्हा. लिहिता येत नाही.

१८ जानेवारी

क्रमाने लिहितो.

गुरुजींनी कोपरावर दोनदा मारलं. मी हळू मारत राहिलो. ते म्हणाले, "विळा आणलास का?" मागे कुणीतरी खुदकलं.

मी तलवारीचं टोक सरळ त्यांच्या गळ्यावर घातलं. सगळं अंग मागे लावून, पाय आपटून — त्या निषिद्ध पायाने. गळ्याला चामड्याची पट्टी असते, वार नियमात बसतो. पण म्हाताऱ्यांच्या गळ्यावर तो कुणी करत नाही. हे इथे कुणी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही होतं.

ते दोन पावलं मागे गेले. तिसरं पाऊल पडलं नाही. उजव्या अंगावर कोसळले आणि आवाज आला. बर्फाच्या ओझ्याने फांदी मोडते तसा, पण लहान. मांडीचं हाड, खुब्यात.

जाळी काढली तेव्हा चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघत म्हणाले, "हां. हे झालं मारणं."

मग सगळ्यांकडे वळून — "पाय घसरला माझा. जमीन पुसत नाही का रे कुणी नीट?"

१९ जानेवारी

सकाळी शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आले. खुब्यात धातूचा सांधा.

तालमीचे कारभारी ओतोमो फडक्यात गुंडाळून शिक्का घेऊन आले. गुरुजींच्या कार्डावर नववा आणि दहावा शिक्का पलंगापाशीच मारला. बेचाळीस हिवाळे! दोघे म्हातारे रडले. मग ओतोमोंनी माझं कार्ड मागितलं. म्हटलं, घरी राहिलं. खिशातच होतं.

बाहेर चिझुरूने विचारलं, "पाय घसरला ना?"

म्हटलं, "हो."

"तू होतास समोर, म्हणून बरं. दुसरा कुणी असता तर..." आणि माझ्या दुखऱ्या कोपराला डोकं टेकून उभी राहिली.

३ फेब्रुवारी

आज राक्षसाला दाणे मारून हाकलायचा दिवस. इस्पितळातही करतात. शिंगांचा मुखवटा अर्थातच मला. मिनागावाबाईंनी त्याचाही व्यायाम केला — खुर्चीवरून उठायचं, मूठभर भाजलेले सोयाबीन फेकायचे, सावकाश बसायचं. दहा वेळा.

गुरुजींचा नेम अजून पक्का. सातव्या वेळी डोळ्याच्या भोकातून आत.

"राक्षस पळत कसा नाही?" म्हणाले.

४ फेब्रुवारी

महिनाअखेर ते घरी येतील. पाय धरून वाकवणं, काखेत हात घालून उठवणं — रोज दोन वेळा, मीच करून घ्यायचं ठरलं आहे. चिझुरू म्हणाली, "तुझाच हात हलका." गुरुजींनी माझ्या हातांकडे पाहिलं.

भीती त्यांच्या हाडांची नाही. हाड मोडल्याचा तो आवाज ऐकला तेव्हा मला बरं वाटलं होतं.