अण्णा, तुमची उरलेली शिम सापडली

प्रिय अण्णा,

आत्ताच आई आणि मी हरसूलच्या बाजारातून परत आलो, आपल्या जीपने. आणि जीप ओरडली नाही! जाताना नाही, येताना नाही. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही, म्हणून आधी कागद ओढला. नखांत अजून ग्रीस आहे, डाग पडले तर चालवून घ्या.

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं. अधूनमधून मी जीप कंपनीत न्यायचे. संध्याकाळी गंगापूर रोडवरून आत वळले, की मागच्या एक्सलचा तो 'ऊंऽऽ' असा रडका सूर अख्ख्या गल्लीत घुमायचा आणि आई हातातलं काम टाकून दारात यायची. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, मीच आहे, माहीत असतं ना तुला?" तर म्हणाली, "मला माहीत असतं गं. पायांना कुठे माहीत असतं?" आणि मग तिने सायखेड्याच्या एका गृहस्थांना जीप देते म्हणून शब्दच देऊन टाकला. या रविवारी संध्याकाळी ते न्यायला येणार होते.

मी भांडले. खूप भांडले. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आवाज गेला तर ठेवू. नाहीतर जाऊ दे बाई, मला सोसत नाही."

आता तुमच्याशी भांडण! ब्रेक, क्लच, टायर, सगळं शिकवलंत मला. पण मागच्या एक्सलमधल्या डिफ्रन्शियलजवळ गेले की, "ते तुझं काम नाही!" का हो? मी दिवसभर कंपनीत गिअरच तपासते! तुम्ही शाळामास्तर असून अठरा वर्षांपूर्वी अंगणात बसून ते बसवलंत, गॅरेजवाल्याला फाटकाच्या आत येऊ दिलं नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आवाज सुरू. कुणी विचारलं तर म्हणायचात, "जीप आहे ती, बोलणारच." आणि आम्ही मानलं! मी, कंपनीत गिअरचा आवाज ऐकून माल परत पाठवणारी मुलगी, तीसुद्धा.

असो. चार दिवसांची रजा टाकली. मागची चाकं फिरवणारी ती दातेरी जोडी, क्राऊन आणि पिनियन, नवी कोरी आणली. पिनियनखाली शिम असते, म्हणजे कागदासारखी पातळ पोलादी चकती. तिच्या जाडीवर सगळा खेळ. मी कुठली घातली असेल? तुमचीच जुनी! तुम्ही चुकला असाल असं मनातही आलं नाही, अण्णा.

दातांना तेलात कालवलेला शेंदूर फासला. दुकानदार म्हणाला, "मारुतीला का?" म्हटलं, "नाही हो, एक्सलला." शेंदूर लावून गिअर फिरवले की दात कुठे टेकतात त्याचा ठसा उमटतो. तो यायला हवा दाताच्या मधोमध. माझा आला पार टोकाला. परत खोललं, क्राऊनच्या बाजूच्या शिमा बदलल्या, जोडलं, फिरवलं. परत टोकाला! तिसऱ्यांदाही तेच. कोपरापर्यंत शेंदूर, घामाने डोळ्यांत गेलेलं तेल, आणि आई दारात उभी राहून म्हणते, "तू आधी स्वतःला पुसून घे, नाहीतर लोक नारळ फोडतील." मला हसू येत होतं आणि रडूही. शनिवार उजाडला होता.

मग पुसायला कापड हवं म्हणून तुमची हत्यारांची पेटी उपसली. तळाला शाळेचं खाकी पाकीट. त्यावर तुमचं ते सुवाच्य अक्षर : 'जीपमधून उरली. कशाची ते पाहणे.'

आत शिम!

अहो अण्णा! अठरा वर्षं! पाकिटावर रीतसर नोंद करून ठेवलीत, पण पाहिलं मात्र नाहीत! मी ती शिमही जुनीच्या जोडीला पिनियनखाली घातली, शेंदूर लावला, फिरवलं. ठसा दाताच्या बरोब्बर मधोमध. मी अंगणातच फतकल मारून बसले. आईला पाकीट दाखवलं, तर ती हसून हसून भिंतीला टेकली. "तरीच तुला हात लावू देत नव्हते! उघडलं असतंस तर पकडले गेले असते ना!" मग डोळे पुसले आणि पुन्हा हसत सुटली. किती महिन्यांनी हसली म्हणून सांगू!

आज पहाटे नवं तेल भरलं आणि तिला म्हटलं, चल, हरसूलला जाऊ. तिथे नागली विकणाऱ्या मावशींनी ओळखलंच. "मास्तरांचीच जीप ना ही? लय गुपचूप आली!"

पण खरी गोष्ट येताना झाली, अण्णा. जीपमध्ये आपण कधी बोललोच नव्हतो. दार लावलं का, एवढंही ओरडून विचारावं लागायचं. आज आई बोलायला लागली ती थांबेचना. तुमच्या हरसूलच्या शाळेचे दिवस, तिथली गळकी खोली, तुम्ही केलेली खारट भाजी. आणि घाटात एकदम म्हणाली, "ह्याच वळणावर मी ह्यांना म्हटलं होतं, मला पण चालवायला शिकवा. त्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही. मग मी परत काही म्हटलं नाही."

मला पुढचा रस्ता धूसर दिसायला लागला. गाडी कडेला घेतली. तिने माझा फोन मागितला, सायखेड्याला लावला आणि म्हणाली, "भाऊ, माफ करा, जीप द्यायची नाही. मला लागणार आहे."

तर अण्णा, वचन देते. उद्यापासून रोज सकाळी मैदानावर आईची शिकवणी. ती गाडी बंद पाडेल, गिअर खरडवेल, कुंपणात घालेल. मी तुमच्यासारखी कपाळाला हात लावणार नाही. आणि मी चालवताना ती शेजारी बसून काही म्हणाली, हळू म्हणाली, मला नीट ऐकू आलं नाही, तर मान डोलावून पुढे जाणार नाही. गाडी थांबवीन आणि विचारीन, "काय म्हणालीस, आई?"

तुमच्यावर थोडी रागावलेली आणि पुष्कळ खुश,
तुमचीच
वैशू